टास्कची प्रायॉरिटी: अंगची किती, उसनी किती

लिनक्सवर 'टॉप' (चालू कामांची यादी दाखवणारी आज्ञा) थ्रेडवार लावून ठेवलं तर कधीतरी एक चमत्कारिक ओळ दिसते. थ्रेड अगदी साधा, नाइस (साध्या थ्रेडला मिळणारा प्राधान्याचा आकडा) शून्य, शेड्युलिंगची पॉलिसी विचारली तर 'टीएस', म्हणजे नेहमीची टाइमशेअरिंग. पण पीआरच्या, म्हणजे प्रायॉरिटीच्या, रकान्यात २० असायला हवे तिथे -५१. पुढच्या रिफ्रेशला पुन्हा २०.

हा टॉपचा बग नाही. त्या क्षणी त्या थ्रेडने एक लॉक (एका वेळी एकालाच धरता येणारं कुलूप) धरलं होतं आणि रिअल-टाइम ५० प्रायॉरिटीचा दुसरा थ्रेड त्याच लॉकसाठी खोळंबला होता. म्हणून कर्नलने लॉक धरणाऱ्याला थांबलेल्याची प्रायॉरिटी उसनी दिली, लॉक सुटताच काढून घेतली. या देवघेवीत त्या थ्रेडची मूळ प्रायॉरिटी जपायची कशी, हा दिसतो तितका सोपा मामला नाही. 'जुना आकडा बाजूला लिहून ठेवायचा आणि नंतर परत लावायचा' हे पहिलं सुचणारं उत्तर चुकीचं आहे, आणि हाताने लिहिलेल्या छोट्या शेड्युलरांमध्ये (सीपीयू कुणाला द्यायचा ते ठरवणाऱ्या कोडमध्ये) ही चूक हमखास सापडते.

आधी आकड्यांचा घोळ निस्तरू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. कर्नलच्या आत प्रायॉरिटी ० ते १३९ अशी मोजतात आणि आकडा जितका लहान तितका मान मोठा. ० ते ९९ रिअल-टाइमसाठी, १०० ते १३९ साध्या टास्कसाठी (कर्नलच्या भाषेत थ्रेड म्हणजेच टास्क). नाइस -२० म्हणजे १००, नाइस ० म्हणजे १२०, नाइस १९ म्हणजे १३९. डेडलाइन पॉलिसीवाले (ठरल्या मुदतीत काम संपवायचं असलेले) या सगळ्यांच्या वर, थेट -१. वापरकर्ता मात्र रिअल-टाइम प्रायॉरिटी १ ते ९९ अशी देतो आणि त्यात ९९ सगळ्यात मोठी. कर्नल ती ९९ मधून वजा करतो. म्हणजे 'सीएचआरटी' या आज्ञेने दिलेली ५० ही कर्नलच्या आत ४९ होते, कर्नलच्या ट्रेसमध्ये (घटनांच्या नोंदीत) ४९ दिसते, टॉपमध्ये -५१ दिसते आणि 'पीएस' आज्ञेच्या पीआरआय रकान्यात ९० दिसते. चारही आकडे बरोबर आहेत. दोन जण प्रायॉरिटीवर वाद घालत असतील तर आधी कोण कुठला आकडा वाचतोय ते विचारावं, निम्मे वाद तिथेच मिटतात.

एक नव्हे, चार रकाने

कर्नलच्या टास्क-स्ट्रक्टमध्ये (प्रत्येक टास्कच्या नोंदीत) प्रायॉरिटीसाठी एकच जागा असती तर उसनं कुठलं आणि अंगचं कुठलं हे कळलंच नसतं. म्हणून तिथे चार जागा आहेत. 'आरटी-प्रायॉरिटी'त वापरकर्त्याने दिलेला १ ते ९९ चा आकडा. 'स्टॅटिक-प्रायो'त नाइसवरून आलेला १०० ते १३९. 'नॉर्मल-प्रायो' म्हणजे सध्याची पॉलिसी लक्षात घेऊन या दोन्हींतून निघणारी टास्कची स्वतःची प्रायॉरिटी. आणि नुसतं 'प्रायो' म्हणजे आत्ता, या घडीला शेड्युलर जी मानतो ती. उसनवारी फक्त या शेवटच्या जागेत होते. बाकीच्या तिघांना ती शिवतही नाही, पॉलिसीच्या रकान्यालाही नाही. म्हणून तर वरच्या ओळीत पॉलिसी 'टीएस'च राहिली आणि पीआर तेवढं बदललं.

या वाटणीचे फायदे बारीकसारीक ठिकाणी दिसतात. रिअल-टाइम टास्कवर कुणी 'रीनाइस' (नाइस बदलणारी आज्ञा) चालवलं तर कर्नल नकार देत नाही. तो स्टॅटिक-प्रायोत नवा आकडा लिहितो आणि परत फिरतो, शेड्युलिंगवर तूर्त काहीच परिणाम नाही. उद्या ती टास्क साध्या पॉलिसीवर आली की तो नाइस लागू होतो. एखाद्या साध्या टास्कला उसनं मिळून ती रिअल-टाइम पट्ट्यात गेलेली असताना तिचा नाइस बदलला तरी तसंच. नॉर्मल-प्रायो नव्याने काढलं जातं, पण चालू प्रायोला हात लागत नाही, नाहीतर लॉकपाशी खोळंबलेला पुन्हा लटकला असता.

फोर्कच्या, म्हणजे एका टास्कने दुसरी जन्माला घालण्याच्या, वेळची काळजी तर अगदी एका ओळीची आहे, पण ती नसती तर छिद्र केवढं मोठं पडलं असतं पाहा. मूल जन्माला येताना त्याचं प्रायो हे बापाच्या चालू प्रायोवरून घेत नाहीत, बापाच्या नॉर्मल-प्रायोवरून घेतात. बापाने उसन्या ८० वर असताना फोर्क केलं आणि मुलाला ८० वारसाहक्काने मिळाले तर ते कधीच परत जाणार नाहीत, कारण मुलाच्या नावावर ते लॉकच नाही. बापाची अंगची रिअल-टाइम प्रायॉरिटी मात्र मुलाकडे जाते. तीही जायला नको असेल तर 'रिसेट ऑन फोर्क'चा झेंडा लावायचा, 'सीएचआरटी'त त्यासाठी मोठ्या 'आर'चा पर्याय आहे. मग रिअल-टाइम बापाचं मूल साधं, नाइस ०. आणि उणे नाइसवाल्या बापाचं मूलही नाइस ० वर. डेडलाइन टास्क या झेंड्याशिवाय फोर्क करायला गेली तर 'ईअगेन' हा नकार मिळतो. बँडविड्थचं (सीपीयूच्या ठरावीक वाट्याचं) वचन दोघांत वाटता येत नाही, म्हणून.

जुना आकडा परत लावायचा नसतो

आता मूळ मुद्दा. टी नावाचा थ्रेड घ्या, अंगची प्रायॉरिटी १० (या परिच्छेदांत सगळे आकडे वापरकर्त्याच्या बाजूचे). त्याने अ आणि ब अशी दोन लॉक धरली आहेत. अ साठी ८० वाला येऊन थांबला, टी ८० वर गेला. मग ब साठी ६० वाला आला. टी आधीच ८० वर, त्यामुळे काही बदललं नाही. आता टीने अ सोडलं.

'जुना आकडा परत' हे धोरण असेल तर टी थेट १० वर येतो. ब अजून त्याच्याच हातात आहे, ६० वाला अजून थांबलेलाच आहे, आणि मध्ये ४० वाला एखादा थ्रेड गणित करत बसला असेल तर तो टीला चालू देणार नाही. म्हणजे ४० वाला ६० वाल्याला अडवतोय, दोघांमध्ये एकही लॉक सामायिक नसताना. याचंच नाव प्रायॉरिटी इन्व्हर्जन. ज्याच्यावर इलाज म्हणून उसनवारी आणली तोच रोग मागच्या दाराने परत आला.

टीने ६० वर यायला हवं. त्यासाठी लिनक्सचा आरटी-म्युटेक्स (म्युटेक्स म्हणजे एकच मालक असलेलं लॉक; हा उसनवारी करणारा) जुना आकडा साठवतच नाही, दर वेळी तो नव्याने काढतो. प्रत्येक लॉकला थांबलेल्यांचं एक रेड-ब्लॅक झाड (क्रम राखणारी डेटा-रचना) असतं, प्रायॉरिटीनुसार लावलेलं. शिवाय प्रत्येक टास्कला आपलं असं एक वेगळं झाड असतं, पीआय-वेटर्सचं (पीआय म्हणजे प्रायॉरिटी इनहेरिटन्स, हीच उसनवारी). तिने धरलेल्या प्रत्येक लॉकपाशी थांबलेल्यांपैकी फक्त सगळ्यात वरचा या झाडात येतो. अ सुटलं की ८० वाला झाडातून निघतो, ६० वाला वर येतो. मग हिशेब साधा: झाडातला सर्वात वरचा आणि आपलं नॉर्मल-प्रायो, यांत जो मोठा तो. कर्नलचे आकडे उलटे असल्यामुळे कोडमध्ये तो 'मिन' दिसतो.

नव्याने काढण्याचा फायदा फक्त दोन लॉकपुरता नाही. थांबलेला टाइमआउट होऊन किंवा सिग्नल मिळून निघून गेला, तर तो झाडातून जातो आणि हिशेब पुन्हा होतो. उसनवारी चालू असताना कुणी टीची अंगची प्रायॉरिटी १० वरून ३० केली, तर ती नॉर्मल-प्रायोत नोंदली जाते आणि लॉक सुटल्यावर टी ३० वर येतो. साठवलेल्या आकड्याने त्याला १० वर आणलं असतं आणि प्रशासकाचा आदेश मधल्या मध्ये गायब झाला असता. असे बग महिनोन्महिने सापडत नाहीत, कारण ते घडायला ठरावीक मायक्रोसेकंदांचा योग जुळावा लागतो.

टी स्वतः तिसऱ्या लॉकपाशी थांबलेला असेल तर उसनं पुढे सरकवावं लागतं: त्या लॉकच्या मालकाला, तोही थांबला असेल तर त्याच्या पुढच्याला. ही साखळी चालताना कर्नल सगळी लॉक एकदम धरत नाही, पायरीपायरीने धरतो आणि सोडतो. साखळीला मर्यादा १०२४ कड्यांची, 'मॅक्स-लॉक-डेप्थ' नावाच्या सिसकंट्रोलमध्ये (कर्नलच्या सेटिंगमध्ये) ती बदलता येते. एवढी लांब साखळी प्रत्यक्षात दिसली तर मर्यादा वाढवू नका, डिझाइन तपासा.

फ्री-आरटॉस या मायक्रोकंट्रोलरवरच्या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिमने याच प्रश्नावर काटकसरीचा तोडगा काढला आहे. तिथे टास्कच्या नोंदीत 'बेस प्रायॉरिटी' आणि चालू प्रायॉरिटी असे दोनच आकडे, सोबत हातात किती म्युटेक्स आहेत याची मोजणी. म्युटेक्स सोडल्यावर ती मोजणी शून्य झाली तरच टास्क बेसवर येते. वरच्या उदाहरणात टी अ सोडूनही ८० वरच राहील, ब सोडेपर्यंत. ६० वाला अडकत नाही, पण मधल्या काळात ७० वाल्याला विनाकारण थांबावं लागतं. काही किलोबाइट रॅमच्या मायक्रोकंट्रोलरवर प्रत्येक टास्कमागे झाड बांधण्यापेक्षा हे परवडतं. साखळीही तिथे चालवली जात नाही. म्हणून फ्री-आरटॉसवर एका वेळी एकच म्युटेक्स, आणि तोही थोडा वेळ, ही शिस्त पाळलेली बरी. आणखी एक: तिथला बायनरी सेमाफोर (मालक नसलेला, नुसता इशारा देणारा) दिसायला म्युटेक्ससारखाच, पण त्यात उसनवारी अजिबात नाही.

मंगळावरच्या पाथफाइंडर यानाची १९९७ ची गोष्ट (प्रायॉरिटी इन्व्हर्जनमुळे ते पुन्हा पुन्हा रिसेट होत होतं) या विषयात प्रत्येक जण सांगतो, म्हणून इथे एवढंच. त्याच्या व्हीएक्सवर्क्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये उसनवारीची सोय तेव्हाही होती, नेमक्या त्या म्युटेक्सवर ती बंद होती. शा, राजकुमार आणि लेहोत्स्की यांचा या पद्धतींवरचा शोधनिबंध १९९० मध्येच छापून आला होता.

रांगेतली जागा

प्रायॉरिटी म्हणजे नुसता आकडा, असं समजलं की दुसरा अर्धा भाग निसटतो. फिफो (आधी आला तो आधी) या रिअल-टाइम पॉलिसीत एकाच प्रायॉरिटीचे पाच थ्रेड असतील तर त्यांच्यात रांग असते, आणि त्या रांगेतली जागा हाही त्या थ्रेडचा हक्क. लिनक्सच्या प्रत्येक सीपीयूवर रिअल-टाइमसाठी १०० याद्या आणि त्यांवर एक बिटमॅप असतो. पहिला लागलेला बिट शोधायचा, त्या यादीच्या तोंडाशी असलेला उचलायचा.

वरच्या प्रायॉरिटीच्या कुणी धक्का दिला तर फिफो थ्रेड आपल्या यादीच्या तोंडाशीच राहतो. झोपून उठला तर शेपटीला. 'शेड-यील्ड' केलं, म्हणजे आपणहून सीपीयू सोडला, तरी शेपटीला. राउंड-रॉबिनमध्ये (ठरावीक वेळेनंतर पाळी बदलणाऱ्या पॉलिसीत) मधेच हटवलेल्याचा उरलेला वाटा शाबूत राहतो. वाटा एरवी १०० मिलिसेकंदांचा.

प्रायॉरिटी बदलली की मात्र नियम दिशेवर ठरतो. वाढवली तर नव्या यादीच्या शेवटी. कमी केली तर नव्या यादीच्या तोंडाशी. तीच दिली तर जागा जशीच्या तशी. उसनवारी संपून थ्रेड खाली येतो तेव्हाही तो तोंडाशीच येतो, आणि ते न्यायाचं आहे: त्याने आपली पाळी सोडलेली नव्हती, त्याला वर नेलं होतं ते दुसऱ्याच्या सोयीसाठी. यातून एक खाच निघते. काही कोडमध्ये थोड्या वेळासाठी ५० चे ४० करून पुन्हा ५० करतात. खाली जाताना तो ४० च्या तोंडाशी जातो, पण वर येताना ५० च्या शेपटीला. आकडा तोच, पाळी गेली. लेटन्सीच्या (प्रतिसादाला लागणाऱ्या विलंबाच्या) आलेखात अधूनमधून उंच सुळके दिसत असतील तर असं काही चाललंय का ते पाहा.

कर्नललाही कधीकधी टास्क रांगेतून क्षणभर बाहेर काढावी लागते, नुसता एखादा रकाना बदलण्यासाठी, उदाहरणार्थ तिला कुठले सीपीयू चालतील ते ठरवताना. अशा वेळी डीक्यू-एनक्यू (रांगेतून काढणं आणि परत घालणं) करताना 'सेव्ह' आणि 'रिस्टोर' हे झेंडे लावतात. एसटीच्या सीटवर रुमाल टाकून खाली उतरावं तसं: टास्क नोंदींपुरती बाहेर, यादीतली जागा तिचीच. जागा खरोखर बदलायची असेल तर जोडीला 'मूव्ह'चा झेंडा द्यावा लागतो. प्रायॉरिटी बदलणारं कोड मूव्ह लावतं, पण नवी परिणामी प्रायॉरिटी जुन्याइतकीच निघाली तर तो झेंडा काढून टाकतं. स्वतःच्या मॉड्यूलमध्ये किंवा स्वतःच्या शेड्युलरमध्ये 'काढा, बदला, शेवटी घाला' असं लिहिणाऱ्यांकडून नेमकं हेच राहून जातं.

गळती कुठे होते

उसनं द्यायचं तर घेणारा कोण ते माहीत हवं. म्युटेक्सला मालक असतो. सेमाफोरला नसतो, कारण कुणीही 'पोस्ट' करू शकतो. कंडिशन व्हेरिएबललाही (एखादी अट पुरी होण्याची वाट जिथे पाहतात त्याला) नसतो. तिथे थांबलेल्या ८० वाल्याला जागं कोण करणार हे कर्नलला ठाऊकच नाही, मग वर कुणाला न्यायचं? रीडर-रायटर लॉकमध्ये लिहिणारा एक असतो, वाचणारे अनेक. प्रीएम्प्ट-आरटी कर्नलमध्येही (रिअल-टाइमसाठी बांधलेल्या लिनक्समध्ये) वाचणाऱ्यांना उसनं मिळत नाही. रिअल-टाइम वाटेवर यांपैकी काही असेल तर ते काढून साधं म्युटेक्स घालणं हाच बहुतेकदा स्वस्त उपाय.

आणि साध्या म्युटेक्सवरही उसनवारी आपोआप नसते. पीथ्रेडमध्ये (थ्रेडसाठीच्या प्रमाण लायब्ररीत) म्युटेक्सचा प्रोटोकॉल मुळात 'प्रायो-नन' असतो. स्टॅटिक इनिशियलायझरने बनवलेलं म्युटेक्स तसंच, लिबस्टडीसीप्लसप्लस या सी++ लायब्ररीचं 'स्टड-म्युटेक्स'ही तसंच. अॅट्रिब्यूट बनवून त्यावर 'प्रायो-इनहेरिट' लावायचं आणि तो अॅट्रिब्यूट म्युटेक्स-इनिटला द्यायचा, तेव्हा कुठे ते पीआय-फ्युटेक्स (युजरस्पेस आणि कर्नल मिळून चालवतात ते उसनवारीचं लॉक) होतं. ही सोय लिनक्समध्ये २.६.१८ पासून, म्हणजे २००६ पासून आहे. भांडण नसेल तर सगळं युजरस्पेसमध्येच (कर्नलच्या बाहेर) भागतं: फ्युटेक्सच्या शब्दात मालकाचा थ्रेड-आयडी लिहिला जातो, कर्नलला पत्ताही नसतो. दुसरा आला की तो कर्नलमध्ये जातो आणि त्या आयडीवरून मालक सापडतो.

कर्नलच्या आतली म्युटेक्स ही वेगळी बाब. प्रीएम्प्ट-आरटी नसलेल्या कर्नलमध्ये त्यांना उसनवारी नाही. म्हणजे फिफो ९० वाला थ्रेड एखाद्या सिस्टिम कॉलमध्ये शिरून नाइस १९ वाल्याने धरलेल्या आतल्या म्युटेक्सवर अडकू शकतो, आणि तुमच्या कोडमध्ये कितीही पीआय लावलंत तरी त्याने काही होत नाही. प्रीएम्प्ट-आरटी चालू केल्यावर म्युटेक्स आणि बहुतेक स्पिनलॉक (न झोपता फिरत वाट पाहायला लावणारी लॉक) आरटी-म्युटेक्सवर उभी राहतात, फक्त 'रॉ' स्पिनलॉक खरी फिरती उरतात. हे आता बाहेरून पॅच न लावता मिळतं, ६.१२ पासून.

काम दुसऱ्याच्या हवाली करतानाही प्रायॉरिटी मागेच राहते. रिअल-टाइम थ्रेडने वर्कक्यूत (कर्नलच्या कामांच्या रांगेत) टाकलेलं काम केवर्कर हा कर्नलचा थ्रेड चालवतो, आणि केवर्करचा नाइस ० असतो, हायप्रायॉरिटी क्यू असेल तर -२०. दोन्ही साध्याच पट्ट्यातले. थ्रेडेड इंटरप्टचे (हार्डवेअरच्या हाकेला थ्रेडमधून ओ देणारे) हँडलर मूळ फिफो ५० वर असतात, तेव्हा तुमचा थ्रेड ५० च्या वर ठेवून त्याच इंटरप्टमधून येणाऱ्या डेटाची वाट पाहत तो त्याच सीपीयूवर लूपमध्ये फिरला, तर हँडलरला सीपीयूच मिळणार नाही. अँड्रॉइडच्या बाइंडरने (एका प्रोसेसमधून दुसऱ्यात कॉल नेणाऱ्या यंत्रणेने) ही हवाली नीट बांधली आहे: कॉल करणाऱ्याचा नाइस व्यवहारासोबत जातो, सेवा देणाऱ्या थ्रेडला लावला जातो, त्याचा आधीचा आकडा जपला जातो आणि उत्तर गेल्यावर परत लावला जातो. इथे 'जुना आकडा परत' चालतं, कारण कॉल आणि उत्तर कंसांसारखे एकात एक बसतात. उत्तराची वाट न पाहणाऱ्या एकतर्फी कॉलला ही उसनवारी नाही.

प्रायॉरिटी सुरुवातीलाच लागत नाही, अशीही एक जागा आहे. पीथ्रेड-अॅट्रिब्यूटमध्ये फिफो आणि ८० भरून थ्रेड बनवला, चूक काही आली नाही, तरी थ्रेड साधाच निघाला. कारण लिनक्सवर अॅट्रिब्यूटची मूळ स्थिती 'इनहेरिट-शेड' असते: बनवणाऱ्याचीच पॉलिसी घ्यायची, भरलेले आकडे मुकाट्याने सोडून द्यायचे. 'एक्स्प्लिसिट-शेड' लावलं की आकडे मानले जातात, आणि परवानगी नसेल तर 'ईपर्म' हा नकार येतो. तो आलेला बरा, निदान कळतं तरी.

नाइसचीही एक तक्रार नेहमी येते: 'नाइस १९ दिला तरी बिल्ड सगळा सीपीयू खाते'. नाइसचं वजन ० ला १०२४, १९ ला १५, एका पायरीमागे साधारण १.२५ पट. एकाच गटात हे दोघे एका सीपीयूवर भांडले तर १९ वाल्याला दीड टक्काही मिळत नाही. पण ऑटोग्रुप (टास्कचे आपोआप गट पाडणारी कर्नलची सोय) चालू असेल तर प्रत्येक टर्मिनल सेशनचा वेगळा गट होतो, आणि नाइसचा तराजू फक्त गटाच्या आत चालतो. दोन टर्मिनलांमध्ये वाटा निम्मा-निम्माच. मग प्रॉक फोल्डरमधल्या त्या प्रोसेसच्या 'ऑटोग्रुप' फाइलमध्ये गटाचा नाइस लिहावा, किंवा सीग्रुपचं (आपण बनवलेल्या गटाचं) 'सीपीयू-वेट' वापरावं, १ ते १०,०००, मूळ १००. चालत्या टास्कचा नाइस बदलला तरी तिचं जुनं येणं-देणं बुडत नाही, हे ६.६ पासूनच्या ईईव्हीडीएफ या साध्या टास्कच्या शेड्युलरचं वैशिष्ट्य: टास्कचा 'लॅग', म्हणजेच हे येणं-देणं, जुन्या आणि नव्या वजनाच्या प्रमाणात बदलून पुढे नेला जातो.

तपासायचं तर 'पीएस'मधून थ्रेडवार सीएलएस (पॉलिसी), आरटीप्रायो, एनआय (नाइस) आणि पीआरआय हे चार रकाने एकत्र मागवा. सीएलएस 'टीएस' आणि पीआरआय ४० च्या पुढे, म्हणजे उसनवारी चालू आहे. ती इतकी क्षणिक असते की बहुधा दिसणार नाही. म्हणून एफट्रेसमध्ये (कर्नलच्या ट्रेस नोंदवणाऱ्या साधनात) शेड गटातला 'पीआय-सेटप्रायो' हा इव्हेंट चालू करा, सोबत 'शेड-स्विच'. पहिला जुनं आणि नवं प्रायो सांगतो, दुसरा त्यानंतर सीपीयू कुणाला मिळाला ते. ट्रेसमधले आकडे कर्नलचे, १२० वरून ४९ म्हणजे साधा थ्रेड ५० वर गेला. परत जाणारी ओळ शोधा. ती ४९ वरून १२० असेल तर ठीक. मधे दुसराच आकडा दिसला तर दुसऱ्या लॉकपाशी कुणी थांबलं आहे. आणि परतीची ओळ बराच वेळ नसेल तर तो थ्रेड लॉक हातात घेऊन झोपलाय, बहुधा डिस्कपाशी.